वनछत्र

वनछत्र : अरण्यातील लगतच्या वृक्षांचे माथे एकमेकांत मिसळून जमिनीपासून उंचावर फांद्यापानांचा जो थर तयार होतो, त्यास वनछत्र म्हणतात. त्यात पाने व फांद्या यांखेरीज त्यांवरील फुले, फळे, महालता, अपिवनस्पती (दुसऱ्या वनस्पतीचा केवळ आधार घेऊन वाढणाऱ्या वनस्पती), फांद्यांच्या बेचक्यांत साठलेली माती, तेथे राहणारे प्राणी आणि या सर्वांमधील हवा यांचाही समावेश होतो. अरण्यातील प्रकाशसंश्लेषण, म्हणजे सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने होणारी अन्ननिर्मिती, मुख्यत्वे याच थरात घडते. बहुसंख्य वृक्षांची फुले व फळेही येथेच धरतात. असे असूनही जमिनीवरील माणसाला वनछत्राची केवळ खालची बाजू दिसते. त्यामुळे विसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांपर्यंत अरण्याच्या या भागाचा पद्धतशीर अभ्यास फारसा झाला नव्हता. अभ्यास उशिरा सुरू झाला आणि तोडीचा वेग मात्र आधीच वाढलेला होता, या दोन गोष्टींमुळे वनछत्राच्या संशोधनात संरक्षणाचा प्रश्न आरंभापासूनच गुंतलेला आहे.

रचना : उष्ण कटिबंधी वर्षावनात स्थूलमानाने चार थर ओळखता येतात. सर्वांत वर विरळ अंतराने डोके काढणारे उत्तुंग वृक्ष असतात. त्यांच्याखाली सु. ३०–४५ मी. उंचीवर मुख्य छत्राचा सलग थर असतो. त्याखाली सावलीत वाढणाऱ्या लहान वृक्षांचा थर आणि अखेरीस वनभूमी येते. उत्तुंग वृक्ष कधीकधी फारच उंच होतात. बोर्निओ बेटावरील सॅबा राज्यात २०१९ मध्ये एका पिवळ्या मेरांती वृक्षावर चढून फीत लावून मोजणी केली असता त्याची उंची १०० मी.हून अधिक भरली.

सर्वच अरण्यांची छत्रे इतकी उंच नसतात. सह्याद्रीच्या उत्तर भागात महाबळेश्वर, भीमाशंकर, कोयना इ. ठिकाणी अंजनी, जांभूळ, पारजांभूळ, पिसा, हिरडा यांसारख्या वृक्षांची सदाहरित व निमसदाहरित वने आहेत. त्यांची छत्रे पुष्कळ ठिकाणी १०–१५ मी. उंचीचीच असतात. पाऊस विपुल असला, तरी तो चार महिन्यांत पडून जातो. पुढील दीर्घ कोरडा काळ, जांभ्या खडकावरील उथळ माती आणि पावसाळ्यातील जोराचे वारे यांमुळे येथील वृक्ष ठेंगणे राहतात. दक्षिणेकडे केरळ व तमिळनाडूच्या डोंगरांत कोरडा काळ कमी होत जातो, तसतशी छत्राची उंची वाढत जाते. छत्र ठेंगणे असले म्हणजे ते कमी महत्त्वाचे असते असे नाही. त्याची सलगता हा त्याचा अधिक महत्त्वाचा गुण होय.

भौतिक परिस्थिती : छत्राच्या माथ्यावरील पानांना प्रखर ऊन, वारा आणि दुपारची कोरडी हवा सोसावी लागते. दाट वर्षावनात वनभूमीपर्यंत मात्र वरील प्रकाशाच्या जेमतेम १–२ टक्के प्रकाश पोहोचतो आणि तेथील हवा दिवसभर दमट व शांत असते. त्यामुळे एकाच वृक्षाची वरची पाने लहान व जाड, तर खालची रुंद व पातळ असू शकतात. पाने बाष्पोच्छ्वासाने (पानांतून बाष्परूपाने पाणी बाहेर टाकण्याच्या क्रियेने) स्वतः थंड राहतात आणि भोवतालची हवाही दमट ठेवतात. डोंगरमाथ्यावरील मेघवनांत धुक्याचे सूक्ष्म थेंब पानांवर व शेवाळावर अडकतात आणि पाऊस नसतानाही जमिनीवर टपटपत राहतात.

वनछत्र व वातावरण यांच्यातील वायूंची देवघेव मोजण्यासाठी ब्राझीलमधील ॲमेझॉनच्या अरण्यात ३२५ मी. उंचीचा मनोरा उभारण्यात आला असून त्याचे उद्‌घाटन २०१५ मध्ये झाले. पानांच्या उष्णता सोसण्याच्या शक्तीलाही मर्यादा असते. उष्ण कटिबंधी वृक्षांच्या पानांतील प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा सरासरी सु. ४६.७° से. तापमानाला निकामी होऊ लागते. सध्या या मर्यादेपलीकडे जाणाऱ्या पानांचे प्रमाण अत्यल्प, म्हणजे दहा हजारांत एक इतके आहे. तथापि पृथ्वीचे तापमान वाढत राहिल्यास ते वाढेल, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उपग्रहीय व प्रत्यक्ष निरीक्षणांवरून दिसून आले आहे.

जीवसृष्टी : पृथ्वीवरील वाहिनीवंत वनस्पतींच्या (पाणी व अन्न वाहून नेणाऱ्या नलिका असलेल्या वनस्पतींच्या) एकूण जातींपैकी सु. १० टक्के जाती अपिवनस्पती आहेत. आमरी व नेचे यांच्या अनेक जाती त्यांत येतात. सह्याद्रीत जांभूळ, आंबा इ. वृक्षांवर वैशाख-ज्येष्ठात फुलणारी सीतेची वेणी हे आमरीचे उदाहरण सर्वपरिचित आहे. अमेरिका खंडातील अननसाच्या कुलातील काही अपिवनस्पतींच्या पानांच्या पेल्यात पाणी साठते व तेथे बेडकांची पिले वाढतात.

छत्रातील कित्येक प्राणी सहसा जमिनीवर उतरत नाहीत. शेकरू या मोठ्या खारीचे संपूर्ण जीवन झाडांवर जाते. ती एका झाडावरून दुसऱ्यावर सु. ६ मी.पर्यंत उडी मारते आणि आपल्या हद्दीत काटक्यापानांची अनेक घरटी बांधते. लगतच्या झाडांचे शेंडे एकमेकांजवळ नसतील, तर ही घरटी असूनही निरुपयोगी ठरतात. धनेश पक्ष्याची मादी जुन्या वृक्षाच्या ढोलीत स्वतःला बंद करून घेते व लहानशा फटीतून नर तिला अन्न भरवितो. या पक्ष्याने खाल्लेल्या फळांच्या बिया दूरवर पसरतात. म्हणजे ढोली असलेले जुने झाड गेले की धनेश जातो आणि धनेश गेला की पुढच्या पिढीतील अनेक झाडांची पेरणी थांबते.

झाडावरील माती : फांद्यांवर पडलेली पाने, धूळ, मेलेले शेवाळ व कीटकांची विष्ठा कुजून उंचावर माती तयार होते. वॉशिंग्टन राज्याच्या ऑलिंपिक द्वीपकल्पातील समशीतोष्ण वर्षावनात मोठ्या पानांच्या मॅपल वृक्षांवर या मातीचे जाड थर आढळतात. १९८१ मध्ये नलिनी नाडकर्णी या संशोधिकेने असे दाखवून दिले की, हे वृक्ष आपल्या फांद्यांपासून आगंतुक मुळे फोडतात आणि ती या उंचावरील मातीत शिरून पोषकद्रव्ये शोषून घेतात. वृक्षाची मुळे केवळ जमिनीतच असतात, या रूढ समजुतीला त्यामुळे धक्का बसला. अपिवनस्पती या यजमान वृक्षावरील निव्वळ ओझे नसून त्याच्या पोषणातही त्यांचा वाटा असतो, हे त्यावरून स्पष्ट झाले.

नाडकर्णी यांचा जन्म १९५४ मध्ये अमेरिकेत झाला. त्यांचे वडील मूळचे ठाण्याचे. कोस्टा रीका या देशातील माँटेव्हर्दे येथील मेघवनात त्यांनी काही फांद्यांवरील शेवाळाचे व मातीचे थर मुद्दाम काढून टाकले आणि ते पुन्हा कसे भरून येतात याची अनेक वर्षे नोंद ठेवली. उघड्या फांदीवर आरंभी जवळजवळ काहीच उगवले नाही आणि दहा वर्षांनंतरही मूळचा थर पूर्ववत झाला नाही. काही मिनिटांत ओरबाडता येणारी वस्तू तयार होण्यास अनेक दशके लागतात, हा या प्रयोगाचा निष्कर्ष संरक्षणाच्या दृष्टीने मूलभूत आहे.

अभ्यासाचा इतिहास व पद्धती : वृक्षांच्या शेंड्यांवरील जीवसृष्टी म्हणजे अद्याप न शोधलेले एक खंडच होय, अशा आशयाचे विधान अमेरिकन निसर्गवैज्ञानिक विल्यम बीब यांनी १९१७ मध्ये केले होते. १९२९ मध्ये भारतीय वैद्यकीय सेवेतील आर. डब्ल्यू. जी. हिंग्स्टन यांच्या नेतृत्वाखाली ऑक्सफर्ड विद्यापीठाची तुकडी ब्रिटिश गियानात गेली. फांद्यांवरून दोर फेकून व शिड्या लावून तिने वरील थरांतील प्राणी गोळा केले. त्यानंतर सु. चाळीस वर्षे या क्षेत्रात तुरळकच काम झाले.

१९७० च्या सुमारास परिस्थिती बदलली. मलेशियात झाडांना बांधलेल्या झुलत्या मार्गांवरून सस्तन प्राण्यांचे निरीक्षण सुरू झाले. गिर्यारोहक व गुहासंशोधक यांची एकदोर चढण्याची पद्धत डॉनल्ड पेरी यांनी कोस्टा रीकात वृक्षांसाठी वापरली. गलोल वा बाण यांच्या साहाय्याने बारीक दोरी उंच फांदीवरून टाकावयाची, तिच्या मागून जाड दोर ओढावयाचा व त्यावर पकडी लावून चढावयाचे, अशी ही पद्धत आहे. ती स्वस्त असून तिच्यामुळे झाडाला फारशी इजा होत नाही. मात्र फांद्यांच्या बारीक टोकांपर्यंत तिने पोहोचता येत नाही. १९८६ मध्ये फ्रेंच वनस्पतिवैज्ञानिक फ्रान्सिस हाले व त्यांचे सहकारी यांनी फ्रेंच गियानात एक प्रचंड जाळीदार तराफा उष्ण हवेच्या हवाई जहाजाने वृक्षांच्या माथ्यावर उतरविला. १९९० मध्ये ॲलन स्मिथ यांच्या कल्पनेनुसार पनामा शहराजवळील वनात इमारती बांधण्याचा मनोऱ्यासारखा यारी प्रथमच वापरण्यात आली. यारीच्या पाळण्यात बसून तिच्या भुजेच्या टप्प्यातील कोणत्याही पानापर्यंत पुनःपुन्हा जाता येते. अलीकडे विमानातून व अवकाशातून सोडलेल्या लेसर किरणांच्या परावर्तनावरून छत्राची उंची व घनता मोजतात. त्यासाठी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर डिसेंबर २०१८ मध्ये एक उपकरण पाठविण्यात आले.

या सर्व काळात सर्वाधिक चर्चा झाली ती टेरी अर्विन यांच्या १९८२ मधील अंदाजाची. शेवंतीच्या वर्गातील एका वनस्पतीपासून मिळणाऱ्या पायरेथ्रम या कीटकनाशकाचा धूर त्यांनी पनामातील एकाच जातीच्या १९ झाडांवर सोडला. खाली पडलेल्या कीटकांत भुंगेऱ्यांच्या सु. १,२०० जाती आढळल्या. त्यांपैकी १६३ जाती केवळ त्याच जातीच्या वृक्षावर राहणाऱ्या असाव्यात असे त्यांनी गृहीत धरले आणि उष्ण कटिबंधातील वृक्षांच्या सु. ५०,००० जातींनी त्या संख्येस गुणले. भुंगेरे हे एकूण संधिपाद प्राण्यांच्या ४० टक्के असतात हे मानून व जमिनीवरील जाती मिळवून त्यांनी एकूण जाती ३ कोटी असाव्यात असा हिशेब मांडला. तोवर वैज्ञानिकांच्या मनातील आकडा यापेक्षा फार लहान होता. एकाच वृक्षजातीवर अवलंबून असणाऱ्या कीटकांचे प्रमाण अर्विन यांनी जास्त धरले होते, असे पुढे दिसून आले. त्यामुळे नंतरचे अंदाज ५० लाख ते १ कोटी यांदरम्यान येतात. तथापि वनछत्रातील वैविध्याकडे जगाचे लक्ष वेधले ते याच हिशेबाने. पनामातील सान लोरेन्झो येथे २००३–०४ मध्ये अनेक देशांच्या वैज्ञानिकांनी केलेल्या पाहणीत अवघ्या ०.४८ हेक्टर वनात संधिपाद प्राण्यांच्या ६,१४४ जाती मिळाल्या.

भारतातील अभ्यास : भारतात वनछत्राचा सातत्यपूर्ण अभ्यास प्रामुख्याने तमिळनाडूतील कळक्काड–मुंडन्तुरै व्याघ्र प्रकल्पाच्या वर्षावनात झाला. तेथे टी. गणेश व एम. सौभद्रा देवी या संशोधकांनी दोराने चढून फुलोऱ्याची व परागणाची निरीक्षणे केली. बऱ्याच वृक्षांचे परागण मधमाश्यांमुळे होते, तर फांद्यांवर व खोडावर फुलणाऱ्या कलेनिया या वृक्षाच्या परागणात वटवाघळांचा वाटा मोठा आहे, हे त्यातून पुढे आले. याच वृक्षाची फुले व फळे सिंहपुच्छ वानराच्या आहारात महत्त्वाची असतात. १९९४ पासून भरत आलेल्या आंतरराष्ट्रीय वनछत्र परिषदांपैकी पाचवी परिषद ऑक्टोबर २००९ मध्ये बंगलोर येथे झाली. सह्याद्रीच्या महाराष्ट्रातील भागात या स्वरूपाचे काम त्या मानाने थोडे आहे.

ऱ्हास व मोजमाप : अरण्य समूळ तोडल्याने वनछत्र नष्ट होते हे उघड आहे. परंतु झाडे उभी असतानाही ते मोडू शकते. रस्ता, लोहमार्ग, वीजवाहिनी वा कालवा यांच्यासाठी काढलेली काही मीटर रुंदीची पट्टी वृक्षवासी प्राण्यांना ओलांडता येत नाही. आसाममधील होलोंगापार अभयारण्यातून जाणाऱ्या लोहमार्गामुळे हुलॉक गिबनांचे कळप असेच विभागले गेले आहेत. कोकणात व मावळात भाताच्या व नाचणीच्या रोपवाटिकेची जमीन भाजण्यासाठी झाडांच्या फांद्या छाटून राब करतात. माणसांची वस्ती विरळ असताना झाडे या छाटणीतून सावरत. तीच झाडे वरचेवर छाटली जाऊ लागली की त्यांचे केवळ खुंटासारखे सांगाडे उरतात. या शेतकऱ्यांकडे दोष देऊन प्रश्न सुटत नाही, कारण राबाला दुसरा परवडणारा पर्याय मिळाल्याशिवाय ही प्रथा थांबणे अवघड आहे.

मोजमापाचाही एक प्रश्न आहे. डेहराडून येथील भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था १९८७ पासून वनस्थितीचे अहवाल प्रसिद्ध करीत आहे. त्यांत छत्राची घनता ७० टक्के वा अधिक असल्यास अतिदाट, ४०–७० टक्के असल्यास मध्यम दाट व १०–४० टक्के असल्यास विरळ वन असे वर्गीकरण केलेले असते. एक हेक्टर वा अधिक क्षेत्रावर १० टक्क्यांहून अधिक वृक्षछाया असल्यास मालकी वा वृक्षजाती न पाहता ते क्षेत्र वनाच्छादनात धरले जाते. उपग्रहाच्या साहाय्याने संपूर्ण देशाचे मोजमाप करावयाचे, तर अशी सोपी व्याख्या आवश्यकच असते. परंतु तिच्यामुळे निलगिरीची लागवड, आंब्याची बाग व शेकडो वर्षांचे सदाहरित वन हे तिन्ही एकाच रकान्यात येऊ शकतात. जुने वन तोडून तेवढ्याच क्षेत्रात लागवड केल्यास आकड्यात काही काळाने तूट दिसत नाही. फांदीवरील माती, ढोल्या, आमरी व शेकरूचे मार्ग मात्र त्या आकड्यात कधीच आलेले नसतात. म्हणून छाया म्हणजे वनछत्र नव्हे, हा भेद धोरण ठरविताना लक्षात ठेवणे अगत्याचे ठरते.

संरक्षण व लोकसहभाग : अरण्याचे भवितव्य ज्यांच्या हाती असते, त्यांपैकी बहुतेकांनी वनछत्र कधी पाहिलेले नसते. ही अडचण ओळखून अनेक संशोधकांनी विज्ञान लोकांपर्यंत नेण्याचे काम संशोधनाच्या बरोबरीने हाती घेतले. मार्गारेट लोमन यांनी ऑस्ट्रेलियात व अमेरिकेत वृक्षमाथ्यांवरील पदपथांचा पुरस्कार केला. फ्लॉरिडा राज्यातील मायाका रिव्हर उद्यानातील असा पदपथ २००० मध्ये जनतेस खुला झाला. मुंबईतील मलबार हिलवर सु. ४८५ मी. लांबीचा लाकडी उन्नत निसर्गमार्ग २०२५ मध्ये सुरू झाला असून शहरातील माणसाला झाडांच्या फांद्यांच्या पातळीवरून चालण्याचा अनुभव तो देतो. अशा पदपथांची उपयुक्तता त्यांच्या व्यवस्थापनावर अवलंबून असते. गर्दी, गोंगाट व केवळ करमणूक एवढेच त्यांतून साधल्यास हेतू विफल होतो.

नाडकर्णी यांनी वेगळा मार्ग धरला. अमेरिकेच्या वायव्य भागात फुलांच्या सजावटीसाठी अरण्यातील शेवाळ मोठ्या प्रमाणावर ओरबाडले जाते. ते लागवडीने वाढविता येईल का, हे पाहण्यासाठी त्यांनी २००४ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील सीडर क्रीक येथील तुरुंगात कैद्यांच्या साहाय्याने प्रयोग सुरू केले. शेवाळाच्या जाती ओळखणे, त्यांना पाणी देणे, वाढ मोजणे व नोंदी ठेवणे ही कामे कैद्यांनी केली. या उपक्रमातूनच पुढे त्या राज्याच्या तुरुंगांत दुर्मिळ बेडूक व माळरानावरील वनस्पती वाढविण्याचे कार्यक्रम उभे राहिले. निरनिराळ्या धर्मांच्या प्रार्थनास्थळांतूनही त्यांनी त्या त्या धर्मग्रंथांतील वृक्षांच्या उल्लेखांच्या आधारे व्याख्याने दिली. श्रोत्याला आधीपासून ज्याविषयी आदर आहे, तेथून आरंभ करावयाचा, हे यामागील सूत्र होय.

इथिओपियाच्या उत्तर डोंगराळ भागात याच सूत्राचा प्रत्यय येतो. तेथील मूळ अरण्य बहुतांशी नाहीसे झाले असून जे उरले, ते ऑर्थोडॉक्स चर्चांच्या भोवती बेटांसारखे उरले आहे. स्थानिक वनस्पतिवैज्ञानिक अलेमायेहू वासी व लोमन यांनी धर्मगुरूंशी चर्चा केली. त्यानंतर गावकऱ्यांनी शेतांतील दगड वेचून या वनांभोवती कुंपणाच्या भिंती घातल्या. त्यामुळे गुरांपासून रोपांचे रक्षण झाले.

महाराष्ट्रातील देवराया याच प्रकारात मोडतात. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी १९७० नंतरच्या दशकात सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास करून देवाच्या नावाने राखलेली ही वने म्हणजे मूळ अरण्याचे अवशेष होत, हे दाखवून दिले. पुष्कळ गावांच्या परिसरात मोठ्या ढोल्यांची झाडे व अखंड छत्र आज फक्त देवराईतच पाहावयास मिळते. मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी वा रस्त्यासाठी देवराईतील झाडे तोडली जातात, तेव्हा श्रद्धा कायम राहूनही वन जाते. म्हणून श्रद्धेला माहितीची जोड मिळणे आवश्यक आहे.

शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी असून त्याच्या संरक्षणासाठी भीमाशंकर अभयारण्य १९८५ मध्ये घोषित झाले. मात्र अभयारण्याची सीमा आखून छत्राची सलगता आपोआप टिकत नाही. तमिळनाडूतील वाल्पारई पठारावर चहाच्या मळ्यांमुळे वनांचे तुकडे झाले आहेत. तेथे सिंहपुच्छ वानरांसाठी रस्त्यावरून झाडाझाडांना जोडणारे टांगते पूल बांधण्यात आले असून वानर त्यांचा उपयोग करतात. हा उपाय तुटलेले सांधण्याचा आहे. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे रस्ता रुंद करताना दोन्ही बाजूंच्या फांद्या जेथे एकमेकींना मिळतात, तेवढी झाडे राखून ठेवणे. उत्तर सह्याद्रीत हिरडा व बेहडा यांची फळे झाड न तोडता गोळा करून त्यांना चांगला भाव मिळवून देण्याचे प्रयत्न झाले आहेत. उभ्या झाडापासून दरवर्षी उत्पन्न मिळू लागले की तोडीचा मोह कमी होतो आणि बेहड्याच्या ढोलीतील धनेशालाही आसरा राहतो. वनछत्राचे ज्ञान उंचावर चढणाऱ्या थोड्या संशोधकांनी मिळविले असले, तरी त्याचे रक्षण अशा प्रकारे खाली राहणाऱ्या, त्या झाडांशी रोजचा व्यवहार असलेल्या लोकांकडूनच होऊ शकते.